ऑक्टोबरपासून

"झालेलं सगळं लिहून झालं ना? मग आता पुढं काय करणारेस ते लिही," केतकी म्हणाली.

मी फोन स्पीकरवर टाकून लॅपटॉपसमोर बसले होते. रविवारची सकाळ होती. आई आत गवार मोडत होती, त्याचा टकटक आवाज येत होता. केतकी माझी एमबीबीएसची मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी ती मिशिगनला गेली आणि तिथल्या एका हॉस्पिटलात रेसिडेन्सीला, म्हणजे तिकडच्या पुढच्या शिक्षणाला, लागली. माझ्याही तिकडच्या परीक्षा झाल्या होत्या, मार्क चांगले आले होते, आणि त्या सप्टेंबरात अर्ज भरायचा होता.

"पुढं काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही म्हणजे? इंटर्नशिप संपून वर्ष झालं तुझी. मेपर्यंत परीक्षा होत्या, ते ठीक. पण जूननंतर..."

ती थांबली. जून हा शब्द तोंडून गेल्यावर तिला कळलं.

जूनमध्ये माझा धाकटा भाऊ निनाद गेला. तासगाव रस्त्याला, भर दुपारी, मोटारसायकलवरून. मी जिथं इंटर्नशिप केली त्याच हॉस्पिटलात त्याला आणलं. कॅज्युअल्टीतल्या एका ज्युनिअरनं मला ओळखून फोन केला. मी गेले, चादर बाजूला केली, हो म्हटलं, सह्या केल्या. घरात दुसरं कुणी नव्हतंच. मी बारावीत असताना बाबा गेले होते आणि आई त्या दुपारी बँकेत कामावर होती. तिला फोनही मीच केला. त्या वेळी मी रडले नाही, नंतरही नाही. भेटायला येणारी माणसं म्हणायची, ऋता खंबीर आहे. मी खंबीर वगैरे काही नव्हते. भूक लागायची, झोप लागायची, समोरच्याचं बोलणं कळायचं. त्याहून आत काही पोचत नव्हतं.

"सॉरी," केतकी म्हणाली.

"असू दे. तू सांग काय लिहायचं."

"एखादं सेवेचं काम लिही. एखाद्या संस्थेत, दवाखान्यात. अजून सुरू झालेलं नसलं तरी चालतं. सुरुवातीची तारीख पुढची टाकायची आणि होणार आहे म्हणून स्पष्ट लिहायचं. काही ठिकाणी न झालेलं काम बघून नाक मुरडतात, पण एवढी मोठी रिकामी जागा दिसण्यापेक्षा बरं. फक्त थाप नको. खरंच ठरलेलं असेल तरच लिही, कारण इंटरव्ह्यूत हमखास विचारतात."

"ठरलेलं काही नाही."

"मग ठरव."

आतला टकटक आवाज थांबला. "मुजावर सरांना विचार," आई म्हणाली. त्या सकाळभरात ती तेवढंच बोलली.

मुजावर सर आम्हाला भूलशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मिरजेत एक छोटं केंद्र काढलं. ज्यांच्यावरचे उपचार संपलेत, ज्यांना आता घरी न्या म्हणून हॉस्पिटलनं सांगितलंय, अशा रोग्यांच्या घरी जायचं, दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांना ते शिकवायचं, एवढंच काम. एका औषधाच्या दुकानामागं दोन खोल्या, एक जुनी व्हॅन आणि रणभिसे सिस्टर.

मी गेले तेव्हा सर टेबलावर वर्तमानपत्र पसरून पेरू कापत होते. मीठ लावून एक फोड त्यांनी माझ्यापुढं सरकवली.

"पत्र पाहिजे का अर्जाला?"

"पत्र नको सर. लिहू का, एवढंच विचारायला आले. अजून केलेलं नाही, करणार आहे, असं."

"कधीपासून करणार?"

"ऑक्टोबरपासून."

"आजपासून का नाही?"

सर पेरूच्या बिया बाजूला काढत राहिले.

"झोप येते?"

"येते."

"जेवण?"

"जेवते सर."

निनाद गेला तेव्हा सर घरी येऊन गेले होते. आईसमोर बराच वेळ काही न बोलता बसले होते आणि तसेच उठून गेले होते. आताही त्यांनी पुढं विचारलं नाही.

"लिही," ते म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. तू तारीख लिहिलीस की मी त्या तारखेला कुणाला तरी सांगणार, डॉक्टरबाई येणार आहेत म्हणून. आमची माणसं वाट बघतात, ऋता. त्यांच्याकडं तेवढंच काम उरलेलं असतं."

मी घरी येऊन लिहिलं. संस्थेचं नाव, कामाचं स्वरूप, आठवड्यातून दोन वेळा, ऑक्टोबरपासून, अजून सुरू व्हायचं आहे. आख्ख्या अर्जात तेवढीच एक ओळ पुढची होती, बाकी सगळं होऊन गेलेलं. केतकीनं वाचून बघितलं आणि चांगलं आहे म्हणाली. अर्ज गेला. मला आनंद झाला नाही की धाकधूक वाटली नाही. आईनं कुकरच्या शिट्ट्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, मी लक्ष ठेवलं.

ऑक्टोबर लागला आणि रणभिसे सिस्टर व्हॅन घेऊन मला न्यायला आल्या. बेडगच्या वाटेवर, गावात शिरायच्या आधीच मगदुमांचं घर होतं. शेजारी त्यांचीच पिठाची गिरणी. अंगणातल्या तुळशीच्या पानांवरसुद्धा पीठ बसलेलं.

शालन मगदूम एसटीत कंडक्टर होत्या. वय पंचेचाळीसच्या पुढं. बीजकोशाचा कॅन्सर सापडला तेव्हाच पोटभर पसरलेला होता. दोन वर्षं उपचार झाले आणि आता थांबले होते. रस्ता दिसावा म्हणून त्यांनी पुढच्याच खोलीत खिडकीशी कॉट टाकून घेतली होती. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या, पोट तेवढं पाण्यानं फुगलेलं. आवाज मात्र भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा.

"ही डॉक्टर कोरे. आता हीच येत जाईल," सिस्टर म्हणाल्या.

शालनमावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "रडक्या न्हाईत न्हवं?" त्यांनी सिस्टरना विचारलं. "घरात येतंय ते माणूस उंबऱ्यापासनंच डोळं पुसत येतंय. मग समद्यांची समजूत मीच काढत बसायची."

"ही नाही रडत," सिस्टर म्हणाल्या.

"मग बसा की."

मी बसले. पोट तपासलं, पायांची सूज बघितली, मॉर्फिनच्या गोळ्या कशा घेतात ते विचारलं. दुखणं एक ते दहात किती, असं विचारायची पद्धत असते. तसं विचारलं.

"एक ते दहा मला कळत न्हाई. म्हैन्यामागं बेडगपासनं पार कोल्हापूरपर्यंत दुखायचं. आता जयसिंगपूरला उतरतंय."

"मिरजेतच उतरेल असं बघू," मी म्हटलं आणि गोळी वाढवून दिली.

त्या हसल्या. मीही ओठ ताणले असणार.

पुढं मी माझ्या स्कूटरवरून एकटीच जायला लागले. तिथं जाऊन मला बरं वाटायचं असं नाही. घरी आणि तिथं सारखंच वाटायचं. पण तिथं हातांना काम असायचं. मावशींच्या पाठीला तेल लावायचं, मुलीला ड्रेसिंग शिकवायचं, गोळ्यांची वेळ बघायची. मुलीचं नाव सन्मती. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होती, सांगलीला कॉलेजला जायची आणि परत आली की आईचं सगळं करायची. नवरा भूपाल मगदूम गिरणीत असायचा. मी आले की मान हलवायचा आणि परत पट्ट्याकडं बघायचा.

दिवाळीच्या तोंडावर एकदा गेले तर गिरणी बंद होती. सगळे पुढच्या खोलीत बसले होते. भूपालची मोठी बहीण, तिला सगळे आक्का म्हणायचे, शिरोळहून आली होती. तिनं सन्मतीसाठी स्थळ आणलं होतं. मुलगा साखर कारखान्यात, घरचं बरं. डिसेंबरात बार उडवून टाकू, असं चाललं होतं. आईच्या डोळ्यांदेखत झालेलं बरं. शिक्षणाचं काय, तर सासरी गेल्यावर बघू, असं पाहुणे म्हणाले होते.

मी रक्तदाब बघायला हात धरला तेव्हा मावशी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "डॉक्टर, मला एक सांगा. उन्हाळ्यापर्यंत हाय का मी?"

"असं काय बोलतीस गं," आक्का म्हणाली. "नातवंडं खेळवशील की."

"मी तुला न्हाई इचारलं आक्का."

भूपालनं माझ्याकडं बघितलं. ती नजर कुठल्याही डॉक्टरला कळते. सांगू नका, असं ती म्हणत असते. अशा वेळी कसं बोलायचं हे मी शिकले होते. आधी माणसाला किती ऐकायचंय ते चाचपायचं, मग थोडं थोडं सांगायचं, आवाज मऊ ठेवायचा. मला त्यातलं काही जमलं नाही. आत मऊ काही सापडेना. सापडलं ते फक्त उत्तर.

"खरं सांगू?"

"खोटं ऐकायला मला घरचीच बास हाईत."

"दिवाळीत असाल. संक्रांतीचं सांगता येत नाही. उन्हाळ्यापर्यंत नाही."

आक्कानं पदर तोंडाला लावला. सन्मती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. तिनंही ऐकलं होतं. मावशींनी डोळे मिटले. मला वाटलं दुखतंय, पण त्या विचार करत होत्या.

"मग डिसेंबरातलं लग्न न्हाई करायचं," त्या म्हणाल्या.

"अगं म्हणून तर डिसेंबरात म्हणतोय," भूपाल म्हणाला.

"समदी तेच म्हणताय. माझ्या डोळ्यांदेखत. माझं डोळं मिटल्यावर नांदायचंय तिला तिथं. मी बघावं म्हणून तिनं कॉलेज अर्ध्यात टाकून उभं राहायचं व्हय? उन्हाळ्यापर्यंत असते तर परीक्षा झाल्यावर बघितलं असतं. न्हाई, तर न्हाई. माझ्या नावावर काय करू नगा." त्यांना धाप लागली. जरा थांबून त्या म्हणाल्या, "तिला इचारा. तिला कुणी इचारलंय का अजून?"

सगळ्यांनी सन्मतीकडं बघितलं.

"मला परीक्षा द्यायचीय," ती म्हणाली. हातातला ट्रे तिनं अजून खाली ठेवला नव्हता.

मी निघाले तसा भूपाल माझ्या मागोमाग स्कूटरपर्यंत आला. भुवयांवर पीठ, डोळे लाल.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं बाई, एवढं बोलायला? एवढं म्हैनं आम्ही समदी जपतोय तिला." तो आवाज चढवत नव्हता. "तुमच्या अर्जात लागतंय म्हणून येतासा, असं ऐकलं. तुम्ही जाशीला अमेरिकेला. आम्ही हितंच हाय."

"हो," मी म्हटलं.

तो आणखी काहीतरी ऐकायला थांबला. मी स्कूटर सुरू केली.

संध्याकाळी मुजावर सरांचा फोन आला. "मगदुमांनी फोन केला होता. दुसरं कुणीतरी पाठवा म्हणाले."

"बरं सर."

"मग बाईंचा आला. हीच पाठवा म्हणाल्या." मग त्यांनी विचारलं, "सांगून झाल्यावर तू काय केलंस?"

"रक्तदाब लिहिला आणि निघाले."

"पुढच्या वेळी निघू नको. सांगितल्यावर तिथं बस थोडा वेळ. काही बोलू नको, नुसती बस."

त्यानंतर मी बसायला लागले. काम आटोपलं की कॉटशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसायचं. मावशी रस्त्यानं जाणाऱ्या एसट्या बघून कुठली गाडी, ड्रायव्हर कोण असेल, कुठं उशीर झाला असेल ते सांगायच्या. कधी दोघीही गप्प. भूपाल माझ्याशी बोलत नव्हता, पण चहा आला की माझा कप गरम आहे का ते सन्मतीला विचारायचा.

डिसेंबरात मुलाखतींची बोलावणी आली, थोडीच, व्हिडिओवर. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. मी निनादच्या खोलीत बसायचे, कारण तिथं इंटरनेट नीट चालायचं. त्या खोलीत बसताना काही वाटायला हवं होतं. मी पाठीमागचा कॅलेंडरचा खिळा कॅमेऱ्यात दिसतो का तेवढं बघायचे.

एका मुलाखतीत पिकल्या केसांच्या बाई होत्या, त्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी माझा अर्ज छापून समोर ठेवला होता. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी विचारलं, "हे काम तुम्ही होणार आहे म्हणून लिहिलंय. मग झालं का सुरू?"

"हो. ऑक्टोबरपासून."

"काय करता तिथं?"

मी सांगितलं. एका घरी जाते, वेदनेची औषधं बघते, नंतर बसते.

"यात सगळ्यात अवघड काय वाटलं?"

या प्रश्नाचं उत्तर केतकीनं मला घोटून घेतलं होतं. मृत्यूच्या जवळ असताना आपण माणूस म्हणून कसे वाढतो, असं काहीतरी. ते माझ्या तोंडात आलंच नाही.

"अवघड काही वाटलं नाही," मी म्हटलं.

त्या बघत राहिल्या. "काहीच नाही?"

"जूनमध्ये माझा भाऊ अपघातात गेला. त्यानंतर मला कशाचंच काही वाटत नाही. त्या बाईंच्या घरी येणारं प्रत्येक माणूस रडायचं. त्यांना न रडणारं कुणीतरी हवं होतं. म्हणून माझं तिथं चाललं. यात मी काही केलं असं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाईट वाटलं, असं त्या म्हणाल्या. मग पुढचा प्रश्न विचारला, मीही उत्तर दिलं, आणि मुलाखत संपली. लॅपटॉप बंद करून वळले तर आई दारात उभी होती, हातात चहाचा कप. तिची नोकरी बँकेतली, तिला इंग्रजी सगळं कळायचं. किती वेळ उभी होती ते मला माहीत नाही. तिनं कप टेबलावर ठेवला आणि गेली. चहावर साय आली होती.

माझा भाऊ गेला, हे वाक्य जूननंतर मी पहिल्यांदा बोलले होते. तेही परक्या बाईंशी, परक्या भाषेत. हे माझ्याही लक्षात नंतर आलं.

केतकीला सांगितल्यावर ती कपाळाला हात लावून बसली. "तिथलं विसर," म्हणाली.

जानेवारीत मावशींचा आवाज बसला. गिळायला त्रास व्हायला लागला, गोळ्या बंद करून औषध कातडीखाली द्यायला लागलो. आता त्या मला अगंतुगं करायच्या.

"झाली का गं तुझी मुलाखत?"

"झाली मागंच."

"काय इचारलं?"

"एका ठिकाणी तुमच्याबद्दल विचारलं."

"माझ्याबद्दल? अमेरिकेत?" त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "मग काय सांगितलंस?"

मी जसंच्या तसं सांगितलं. भावाचंही त्यात आलं. त्यांना ते माहीत नव्हतं. रणभिसे सिस्टरनी कधी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. खिडकीतून एक गाडी गेली, पण ती कुठली हे त्या बोलल्या नाहीत.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

"आता इचारते. सांग."

मी सांगायला लागले. वय बावीस. दुचाकी, हेल्मेट नव्हतं. डोक्याला मार. आणलं तेव्हाच श्वास थांबलेला होता, तरी प्रयत्न केले. वॉर्डात सरांपुढं पेशंट सांगतात तसं मी एका सुरात सांगत गेले. मावशींनी दोन बोटं उचलून मला थांबवलं.

"ते न्हवं गं. त्याचं सांग. नाव काय?"

"निनाद."

"कुठं निघाला होता?"

"कवठ्याला. मित्राच्या भावाचं लग्न होतं, तिथं मंडपाचं काम बघायला."

"एकटाच?"

"एकटाच."

"घरातनं जेवून निघाला होता का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला सगळं माहीत होतं. कुठलं हाड मोडलं, रुग्णवाहिका कुणी बोलावली, खिशात काय सापडलं, पोलिसांनी कुठल्या कागदावर काय लिहिलं. हे मला माहीत नव्हतं. सात महिने मी हे कुणाला विचारलं नव्हतं, मला कुणी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि तो आवाज माझा वाटला नाही.

नंतरचं मला नीट सांगता येत नाही. मी कॉटच्या लोखंडी कडेवर डोकं टेकलं होतं आणि मोठ्यानं रडत होते. लहान मूल रडतं तसं, लाज न वाटता. सन्मती आतून धावत आली. तिला वाटलं आईलाच काही झालं. मावशींचा हात माझ्या पाठीवर होता. त्याला वजनच नव्हतं, पीठ चाळताना अंगावर बसतं तेवढं.

"असू दे," त्या सन्मतीला म्हणत होत्या. "तिला काय बोलू नगंस. रडू दे. चहा टाक तू."

शेजारी गिरणी चालू होती. भूपाल दाराशी येऊन उभा राहिला, त्यानं बघितलं आणि परत गेला. थोड्या वेळानं गिरणीचा आवाज थांबला. दळण घेऊन आलेल्या बाया बाहेर विचारत होत्या, काय झालं. काही न्हाई, बसा जरा, असं तो त्यांना सांगत होता.

शालनमावशी संक्रांत झाल्यावर त्याच आठवड्यात गेल्या. मी त्या वेळी तिथं होते. त्या वेळीही रडले, आणि मला कुणी हटकलं नाही. सन्मतीनं उन्हाळ्यात परीक्षा दिली. तिचं लग्न पुढं चार वर्षांनी झालं, तिनंच पसंत केलेल्या मुलाशी, आणि भूपालनं मला फोन करून बोलावलं. मी येऊ शकले नाही, कारण मी इथं, अमेरिकेत होते. विसर म्हणून केतकीनं सांगितलं होतं, त्याच हॉस्पिटलात मला मार्चमध्ये जागा मिळाली. त्या पिकल्या केसांच्या बाईंच्या हाताखाली मी तीन वर्षं काम केलं. मला का घेतलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता मी हेच काम करते, शेवटच्या आजारातल्या माणसांचं, आणि बोलणं झाल्यावर बसते.

पण मला आठवते ती त्या जानेवारीतल्या दिवसाची संध्याकाळ.

मी घरी पोचले तेव्हा आई नुकतीच बँकेतून आली होती आणि साडी न बदलताच ओट्याशी उभी राहून पीठ मळत होती. जूनपासून आम्ही दोघी निनादबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. त्याचं नाव निघेल असं वाटलं की दोघींपैकी एक जण उठून जायची. माझे डोळे सुजलेले होते. तिनं बघितलं आणि परत परातीत बघितलं.

"आई, त्या दिवशी निनाद जेवून गेला होता का?"

तिचे हात थांबले. मला वाटलं ती उठून जाईल. तिनं हाताचं पीठ सावकाश सोडवलं, नळाखाली हात धुतले आणि स्टुलावर बसली.

"जेवला होता," ती म्हणाली. "मी निघाले तेव्हा तो झोपलेलाच होता. झाकून ठेवलंय, जेवून जा, म्हणून सांगितलं. हं म्हणाला. त्याचं हं तुला माहीत आहे."

"मग कशावरून जेवला?"

"तू फोनवर त्याचं आधारकार्ड घेऊन ये म्हणालीस ना हॉस्पिटलात. ते घ्यायला घरी आले. बरोबर बँकेतले दोघं होते, ते दारात थांबले. मी आधी स्वयंपाकघरात आले आणि भाकरीचा डबा उघडला. दोन ठेवल्या होत्या, एकही नव्हती." तिनं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते. "मग कार्ड शोधलं. हे कुणाला सांगायचं, ऋता? कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी खाली फरशीवर तिच्या पायांशी बसले.

"भाजी कसली होती?"

"दोडक्याची."

"दोडका खायचा नाही तो."

"नाहीच खाल्ला," आई म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी हललं, आणि ती हसते आहे हे मला आधी कळलंच नाही. "कढई होती तशी होती. लोणच्याशी खाल्ल्या त्यानं दोन्ही भाकऱ्या."